स्पिनेकर: भीती शिडाची, चूक दोरांची

मागून हलका वारा असला की क्रूझिंग बोटीवर अनेकदा इंजिन सुरू होते आणि असिमेट्रिकल स्पिनेकर पिशवीतच राहतो. पातळ नायलॉनचे हे फुगीर शीड खरे तर अशाच वाऱ्यासाठी असते. त्याच्याविषयीची भीती समजण्यासारखी आहे. पण ते आवाक्यात राहणार की नाही, हे चढवण्याआधी दोर कुठून ओवले यावरच बरेचसे ठरते.

गैरसमज १: हे शर्यतीचे शीड, पोल आणि पाच-सहा माणसे हवीत.

वस्तुस्थिती: पोल लागतो सममित स्पिनेकरला. त्याच्या दोन्ही बाजू सारख्या असल्याने वाऱ्याकडचा कोपरा पोलने तोलून धरावा लागतो. असिमेट्रिकलची पुढची कड मागच्या कडेहून लांब असते. परबाणावर चढणाऱ्या कोकणी मचव्याच्या शिडालाही अशीच पुढची बाजू ठरलेली असते. पुढचा खालचा कोपरा, म्हणजे टॅक, नाळेपाशी बांधलेला राहतो. तयारी नीट असेल, तर दोघांना हे शीड सांभाळता येते.

गैरसमज २: जिबच्या हॅलयार्डवर चढवले की झाले.

वस्तुस्थिती: जिबचा हॅलयार्ड डोलकाठीतून फोरस्टेच्या खाली निघतो. स्पिनेकर मात्र फोरस्टेच्या पुढून दोन्ही बाजूंना फिरतो. म्हणून त्याचा हॅलयार्ड फोरस्टेच्या वरून आणि पुढून यायला हवा, नाहीतर तो घासून झिजतो. शीटचे दोन्ही दोर रेलिंग आणि श्राउड यांच्या बाहेरून मागच्या कप्पीत, तिथून विंचवर न्यावेत. बाहेरून जाइब करायची असेल, तर मोकळी शीट शिडाच्या पुढच्या कडेच्याही पुढून ओवावी. त्यासाठी प्रत्येक शीट बोटीच्या सुमारे दुप्पट लांबीची लागते. सूत्र एकच: सगळे सगळ्याच्या बाहेरून.

गैरसमज ३: टॅक घट्ट बांधून टाकावा.

वस्तुस्थिती: टॅकचा दोर नाळेवरच्या कप्पीतून कॉकपिटपर्यंत आणावा. वारा बाजूने येत असेल तेव्हा तो ताणला की पुढची कड सरळ राहते. वारा अधिक मागून आला की थोडा ढिला सोडावा. शीड वर उचलले जाते आणि मेनसेलच्या आडोशातून बाहेर येते.

गैरसमज ४: वारा थेट पाठीमागे घेऊन सरळ जावे.

वस्तुस्थिती: तसे केले की मेनसेल वारा अडवते आणि स्पिनेकर कोसळतो. वाऱ्याच्या सरळ रेषेपासून ३० अंश बाजूला ठेवून नागमोडी गेल्यास अंतर सुमारे १५ टक्के वाढते. पण बोट ५ ऐवजी ६ नॉटने धावू लागली, तर वेग २० टक्के वाढतो आणि आपण आधीच पोहोचतो.

गैरसमज ५: वारा वाढला तर नाळ वाऱ्याकडे वळवून शीड उतरवावे.

वस्तुस्थिती: मेनसेल उतरवताना जे योग्य, तेच इथे घातक ठरते. १५ नॉट वाऱ्यात वारा पाठीशी घेऊन ६ नॉटने जाताना बोटीवर वारा ९ नॉटच जाणवतो. वळून तोच १५ नॉट जाणवू लागला, तर दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात, जवळजवळ पावणेतीनपट होतो. म्हणून वारा आणखी मागे घ्या, शिडाला मेनसेलच्या आडोशात आणा, शीट सोडा आणि मगच सॉक, म्हणजे शिडावरून ओढायची कापडी नळी, खाली ओढा. फुगलेल्या शिडावर सॉक उतरत नाही. त्याचा दोर हाताला गुंडाळू नका. शीटच्या टोकाला गाठही नको. जिबच्या शीटला ती असते, पण इथे अडचणीच्या वेळी दोर पूर्ण सुटून जाऊ शकला पाहिजे.

पहिला सराव ६ ते ८ नॉट वाऱ्यात, मोकळ्या पाण्यात करा. त्याआधी धक्क्यावरच प्रत्येक दोर टोकापासून टोकापर्यंत हाताने तपासा. एखादा रेलिंगच्या आतून गेलेला सापडला, तर तो तिथे मिनिटभरात सुटतो. भरल्या शिडाखाली तोच सोडवणे फार अवघड असते.