नवी खोली, बसलेला आवाज

सोमवारी तिसरीचा वर्ग नव्या खोलीत गेला. जुनी इमारत निर्लेखित झाली होती आणि पावसाळ्यात गळणाऱ्या कौलांखाली आणखी एक वर्ष काढण्याची कोणाचीच तयारी नव्हती. मुलांनी बसकरपट्ट्या, तक्ते, मणीमाळा, पुस्तकांच्या पेट्या रांगेने वाहून नेल्या. नव्या खोलीला वर स्लॅब, खाली गुळगुळीत फरशी, भिंतींना ऑइलपेंट. बाई खूश होत्या. मंगळवारी मुले ‘बाई, काय म्हणालात?’ असे जरा जास्तच विचारू लागली. बुधवारी बाईंना वाटले, नव्या जागेच्या आनंदात मुले उनाड झाली आहेत. गुरुवारी दुपारपर्यंत बाईंचा आवाज पार बसला. शुक्रवारी सुट्टीच्या वेळेत त्यांचा फोन आला तेव्हा आम्हाला आवाज ओळखू आला नाही.

आम्ही प्रयोगशाळेतली तीन माणसे. या शाळेत विज्ञानमेळाव्याच्या निमित्ताने आमचे जाणे-येणे आहे. बाईंची तक्रार आवाजाची नव्हतीच. त्या म्हणाल्या, “एक मुलगा आहे. जुन्या वर्गात बरा चालला होता. या आठवड्यात त्याने एकही श्रुतलेखन धड लिहिलेलं नाही. मी त्याला चार वेळा रागावले. आता वाटतंय, चूक त्याची नाही. तुम्ही येऊन खोली बघता का?” शनिवारी सकाळची शाळा सुटायच्या आधी आम्ही तिथे पोहोचलो.

खोलीत शिरून आमच्यापैकी एकाने जोरात टाळी वाजवली. ‘टप्’ असा एक आवाज येऊन संपायला हवा होता. इथे टाळीमागून ‘टर्रर्र’ अशी शेपटी आली आणि मग एक घुमारा रेंगाळत राहिला. रोग तिथेच कळला. पुढचे काम त्याचे माप काढण्याचे होते.

बोललेला शब्द ऐकणाऱ्याकडे दोन वाटांनी येतो. एक वाट सरळ, तोंडापासून कानापर्यंत. दुसरी भिंती, छत, फरशी यांच्यावर आपटत येणारी. आपटून आलेला आवाज एका सेकंदाच्या साधारण विसाव्या भागाच्या आत पोहोचला तर कान त्याला वेगळा धरत नाही, मूळ आवाजातच मिसळून घेतो. त्याने उलट मदतच होते. उघड्या मैदानापेक्षा खोलीत बोलणे सोपे जाते ते यामुळेच. त्यानंतर येत राहणारा आवाज मात्र नुसता गोंधळ वाढवतो. तो अनेक दिशांनी, एकात एक मिसळून येतो. प्रतिध्वनीसारखा वेगळा ऐकू येत नाही, म्हणून त्याला प्रतिध्वनी न म्हणता निनाद म्हणतात.

आमची खोली ७ मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि ३.२ मीटर उंच भरली. अशा खोलीत ध्वनी दर सेकंदाला सुमारे शंभर वेळा कुठल्या ना कुठल्या पृष्ठभागावर आपटतो. प्रत्येक आपटण्यात किती ऊर्जा शोषली जाते यावर सगळे अवलंबून. सिमेंटचा गिलावा, रंगवलेली भिंत, फरशी ही मंडळी या बाबतीत फार कंजूष. शंभरातले दोन-चार भागच ती गिळतात, बाकीचे परत फेकतात. जुन्या वर्गाच्या मातीच्या भिंती, शेणाने सारवलेली जमीन आणि फटींची कौले आवाज मुळात ठेवूनच घेत नव्हती. बराचसा कौलांतून बाहेर निघून जायचा. त्या खोलीला पावसाळ्यात बादल्या लावाव्या लागत, उन्हाळ्यात ती तापे, उजेडही बेताचाच. पण बाईंचा आवाज तिने कधी बसू दिला नाही.

हा प्रश्न नवा नाही. १८९५ मध्ये अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात फॉग कलासंग्रहालयाचे व्याख्यानगृह उघडले, आणि त्यात वक्त्याचे बोलणे कोणाला समजेना. एक शब्द तिथे साडेपाच सेकंद रेंगाळायचा. तेवढ्या वेळात सावकाश बोलणाऱ्या वक्त्याचीही पुढची बारा-पंधरा अक्षरे त्याच्यावर येऊन पडत. विद्यापीठाचे अध्यक्ष एलियट यांनी हे काम वॉलेस सॅबिन नावाच्या २७ वर्षांच्या भौतिकीच्या अध्यापकावर सोपवले. ध्वनिशास्त्र हा त्याचा विषयही नव्हता. त्याच्याजवळ एक ऑर्गनची नळी, एक वेळमापक आणि स्वतःचे कान होते. शेजारच्या सँडर्स नाट्यगृहातल्या आसनांच्या गाद्या तो रात्री सहाय्यकांकरवी उचलून आणायचा, थोड्या थोड्या वाढवत मांडायचा आणि नळीचा आवाज बंद केल्यावर तो ऐकू येईनासा व्हायला किती वेळ लागतो ते मोजायचा. सकाळी गाद्या जागच्या जागी! रस्ता शांत असेल तेव्हाच मोजता येई, म्हणून सगळे काम मध्यरात्रीनंतर.

अशा अनेक रात्रींतून त्याला एक साधे सूत्र सापडले. मीटरमध्ये मापे घेतली तर ते असे आहे: निनादकाल (सेकंद) = ०.१६१ × खोलीचे घनफळ ÷ एकूण शोषण. आवाजाची तीव्रता दहा लाखांश होण्यास लागणारा काळ म्हणजे निनादकाल. शोषण मोजायला सॅबिनने एकक निवडले ते फार सुरेख आहे: उघडी खिडकी. उघड्या खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही, म्हणून १ चौरस मीटर उघडी खिडकी म्हणजे १ एकक शोषण. भिंतीचा १ चौरस मीटर आवाजाचा चार शतांश भाग शोषत असेल तर तिचे शोषण ०.०४. पुढे १९०० साली बांधून झालेले बॉस्टनचे सिम्फनी हॉल हे सॅबिनच्या हिशोबाने आखलेले सभागृह. आजही ते नावाजले जाते.

आता आपल्या खोलीकडे येऊ. घनफळ १३४.४ घनमीटर. छत, फरशी आणि चार भिंती मिळून १६७ चौरस मीटर. दारे-खिडक्यांच्या लाकडासकट सरासरी शोषण ०.०४ धरले तर एकूण सुमारे ६.७ एकक. म्हणजे रिकाम्या, बंद खोलीचा निनादकाल ०.१६१ × १३४.४ ÷ ६.७, सुमारे ३.२ सेकंद. मुले ही उत्तम शोषक असतात (ज्ञानाच्या नव्हे, ध्वनीच्या बाबतीत आम्ही बोलत आहोत). कपड्यांसह बसलेले एक मूल साधारण ०.३ एकक. वर्गाचा पट ३६, म्हणून १०.८ एकक वाढले. एकूण १७.५ आणि निनादकाल १.२४ सेकंद.

सव्वा सेकंद म्हणजे काय मोठेसे, असे वाटेल. पण बोलताना आपण सेकंदाला चार-पाच अक्षरे उच्चारतो. एका अक्षराला पाचवा भाग सेकंद. तेवढ्यात मागच्या अक्षराचा आवाज किती उतरतो ते पाहा. रिकाम्या बंद खोलीत जेमतेम ४ डेसिबेल. मुले बसलेल्या खोलीत १० डेसिबेल. निनादकाल पाऊण सेकंदाचा असता तर १६ डेसिबेल. आपल्या भाषेतले स्वर जोरकस असतात आणि व्यंजने दुबळी. ‘फाट’ या शब्दात ‘आ’ ठणठणीत ऐकू येतो, पण ‘फ’ आणि ‘ट’ हे क्षणिक, हलके आवाज आहेत. मागच्या ‘आ’ची शेपटी पुढच्या ‘ट’वर पडली की ‘ट’ गेला. अर्थ तर बहुधा व्यंजनांतच असतो.

मुले घरी जाण्यापूर्वी आम्ही बाईंना एक श्रुतलेखन घ्यायला सांगितले. तोंडासमोर वही धरून, म्हणजे ओठ दिसणार नाहीत. शब्द असे: पाट, फाट, ताट, थाट, काट, खाट, घाट, भात. वाक्यात घालून, नेहमीच्या गतीने. वह्या रांगेप्रमाणे गोळा केल्या. ‘आ’ची मात्रा कोणाचीच चुकली नव्हती. चुका सगळ्या पहिल्या अक्षरात, ‘पाट’चा ‘फाट’ आणि ‘काट’चा ‘खाट’, आणि मागच्या रांगांकडे जावे तशा त्या वाढत गेलेल्या. यात नवल नाही. अशा खोलीत बोलणाऱ्यापासून दोन-तीन फुटांच्या पुढे सरळ येणाऱ्या आवाजापेक्षा आपटून आलेला आवाजच जास्त असतो. मागच्या मुलाला बाईंपेक्षा भिंतींचेच बोलणे जास्त ऐकू येते.

मोठ्या माणसाचे अशा ठिकाणी निभावते. अर्धवट ऐकलेले वाक्य तो ओळखीच्या शब्दांनी पुरे करतो. तिसरीच्या मुलाजवळ शब्दांचा तेवढा साठा नसतो, आणि गोंगाटातून बोलणे वेगळे काढण्याची क्षमता किशोरवयापर्यंत विकसित होत राहते. ज्या मुलाची घरची बोली शाळेच्या मराठीहून वेगळी, किंवा ज्याचा कान वाहतो, त्याला तर दुहेरी मार. बाईंचा तो मुलगा शेवटच्या रांगेत, डाव्या कोपऱ्यात बसत होता. जुन्या वर्गातही तो तिथेच बसायचा. त्याचा कान दर पावसाळ्यात वाहतो, हे त्याने विचारल्यावर सहज सांगितले. शाळेत कोणी विचारलेच नव्हते.

बाईंचा घसा बसण्याचे कारणही यातच आहे. आजूबाजूला गोंगाट असला की माणूस नकळत आवाज चढवतो. फ्रेंच डॉक्टर एतिएन लोंबार यांनी १९११ मध्ये हे मांडले, म्हणून या परिणामाला त्यांचे नाव आहे. मुले कुजबुजली की खोली ती कुजबुज वाढवते, म्हणून मुले थोडे मोठ्याने बोलतात, म्हणून बाई त्याहून मोठ्याने. स्त्रीच्या स्वररज्जू बोलताना सेकंदाला सुमारे २०० वेळा एकमेकींवर आपटतात. अखंड स्वर धरला तर तासाला सात लाखांवर आपट! आवाज चढवला की प्रत्येक आपट अधिक जोराची. अशा वेळी कुजबुजत शिकवू नये, जोर लावून केलेल्या कुजबुजीनेही घशावर ताण येतो. पाणी पीत राहावे, दोन दिवस शक्य तितके मौन, आणि दोन-तीन आठवड्यांत घसा सुधारला नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवावे.

आता उपाय. सूत्रात घनफळ आपल्या हातात नाही, शोषण आहे. पहिला विचार खिडक्यांचा. चार खिडक्या अर्ध्या-अर्ध्या उघडून ४ आणि दाराचे २ अशी ६ एकके मिळतात, निनादकाल ०.९२ सेकंदावर येतो. पण दोन खिडक्या रस्त्याकडे आहेत आणि ट्रक, दुचाक्या तिथूनच आत येतात. म्हणून तर बाईंनी पहिल्या दिवसापासून सगळ्याच बंद ठेवल्या होत्या. ३६ मुलांच्या खोलीची सगळी तावदाने लावून घेणे हवेच्या दृष्टीनेही बरे नाही.

थर्माकोल लावू का, असे मुख्याध्यापकांनी विचारले. हा गैरसमज फार पसरलेला आहे. थर्माकोलमधली हवेची छिद्रे बंद असतात, आवाज त्यात शिरतच नाही. तो उष्णता अडवतो, निनाद नाही, शिवाय पेटला तर घातक धूर होतो. अंड्यांचे कागदी ट्रेही दिसतात तेवढे कामाचे नाहीत. आवाज शोषायला हवा आत-बाहेर खेळेल असे धाग्यांचे, जाड, सच्छिद्र काहीतरी लागते. धाग्यांशी घासून हवेच्या कंपनांची उष्णता होते. आणि असे वस्त्र महाराष्ट्रात घरोघरी आहे: गोधडी.

सोमवारी मुलांनी चार जुन्या गोधड्या आणल्या. प्रत्येकी २ मीटर लांब, दीड मीटर रुंद. मागची भिंत सहा मीटरची, त्यामुळे चार उभ्या गोधड्या तिच्यावर बरोबर बसल्या. फक्त भिंतीला चिकटवून नव्हे, चार बोटे अंतर सोडून बांबूवर टांगलेल्या. यामागे कारण आहे. अगदी भिंतीलगत हवेच्या कणांना हलायला जागा नसते, तिथे घर्षण होणार कुठून? भिंतीपासून पाव तरंगलांबीवर त्यांची हालचाल सर्वांत जास्त असते. १,००० कंपनांच्या स्वराची तरंगलांबी ३४ सेंटिमीटर, तिचा चौथा भाग साडेआठ. म्हणून चार बोटे! विजेच्या बोर्डापासून मात्र कापड लांब ठेवावे, आणि महिन्याला गोधड्या उन्हात झटकाव्यात.

गोधडी निम्मा ध्वनी शोषते असे धरले तर १२ चौरस मीटरची ६ एकके. म्हणजे चार गोधड्यांनी सर्व खिडक्या आणि दार उघडण्याइतके काम केले. व्हरांड्याकडच्या दोन खिडक्या आणि दार उघडे ठेवून, रस्त्याकडची बाजू बंद करून हिशोब ०.७९ सेकंदावर येतो. अमेरिकेच्या २००२ सालच्या वर्गखोल्यांच्या मानकात एवढ्या खोलीला ०.६ सेकंद सांगितले आहेत, तेही मुलांशिवायच्या सुसज्ज खोलीत. तेवढे आपले जमले नाही. टाळीमागची ‘टर्रर्र’ मात्र पूर्ण गेली. ती समोरासमोरच्या दोन उघड्या भिंतींत आवाज ये-जा करत राहिल्याने होती, आणि दोहोंपैकी एक भिंत झाकली की पुरते.

उजेडाचे थोडक्यात. फळ्यावर डाव्या खिडकीची चकाकी पडत होती, आणि उजवीकडच्या मुलांना अर्धा फळा पांढरा दिसत होता. पट्ट्या थोड्या तिरक्या घातल्यावर भागले. फळ्याकडे तोंड करून बोलण्याची सवय मात्र बाईंना सोडावी लागली. ‘स’, ‘श’, ‘च’ यांचे उंच स्वर तोंडासमोरच्या दिशेने जातात. पाठ फिरवली की आधी तेच हरवतात.

आपल्या वर्गाचे माप घ्यायला फारसे काही लागत नाही. लांबी, रुंदी, उंची, मुलांची संख्या आणि वरचे सूत्र. पडताळा पाहायचा तर रिकाम्या खोलीत फुगा फोडून मोबाइलवर ध्वनिमुद्रण करावे आणि घुमारा किती वेळ टिकतो ते पाहावे. श्रुतलेखनाचा प्रयोग एकदा खिडक्या बंद, एकदा उघड्या असा करावा. रांगेप्रमाणे चुका मांडाव्यात. शब्द बदलायला विसरू नये, मुले पाठ करतात.

दुसऱ्या आठवड्यात बाईंनी तो मुलगा पहिल्या रांगेत बसवला, उजवा कान त्यांच्याकडे येईल असा, कारण वाहतो तो डावा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून मुलांच्या तपासणीत श्रवणदोषही धरलेला आहे. पथक येण्याची वाट न पाहता बाईंनी त्याच्या आईला घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्र गाठले. पडद्याला छिद्र निघाले, पुढच्या तपासणीसाठी जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी मिळाली. मागच्या भिंतीवरच्या चारांतली एक गोधडी त्याच्याच घरची आहे, निळ्या काठाची.