फोटोचा गैरवापर झाला, तर नवा डेटा कायदा कामाला येईल का?

येलदरी (ता. जिंतूर) : पूर्णा नदीवरील येलदरी धरणाचे दरवाजे उघडले की पाणी पाहायला आणि सेल्फी काढायला गर्दी होते. समजा, असा एखाद्या तरुणीने टाकलेला फोटो कुणी उचलला, त्यात फेरफार करून तो अश्लील केला आणि तिच्याच नावाच्या बनावट खात्यावर टाकला. तिने दाद कुठे मागायची? वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा आला आहे, असे अनेकांनी ऐकलेले असते. पण या तरुणीला त्याचा उपयोग जवळपास नाही.

असे का?

२०२३ चा हा कायदा प्रामुख्याने लोकांचा डेटा गोळा करणाऱ्या कंपन्या, ॲप आणि संस्थांसाठी आहे. एखाद्या व्यक्तीने वैयक्तिक कारणासाठी वापरलेला डेटा त्याच्या कक्षेत येत नाही. तुम्ही स्वतः सर्वांसाठी खुला ठेवलेला फोटोही नाही. याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि कंपन्यांवरील मुख्य जबाबदाऱ्यांसाठी १८ महिन्यांची मुदत दिली गेली. डेटा सांभाळण्यात कुचराई केल्यास २५० कोटींपर्यंत दंड आहे; पण तो सरकारी तिजोरीत जातो. ज्याचा डेटा फुटला, त्याला भरपाई नाही. उलट, कंपनीकडून भरपाई मागण्याची सोय देणारे माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ४३ए याच कायद्याने वगळले जाणार आहे. याची चर्चा मात्र फारशी झाली नाही.

मग आधार कशाचा?

जुन्याच कलमांचा. बनावट खात्यासाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६डी, अश्लील मजकुरासाठी ६७ आणि ६७ए. सतत ऑनलाइन पाठलाग करणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ नुसार पहिल्यांदा तीन, पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मुलगी १८ वर्षांखालील असेल तर पॉक्सो लागू होतो.

आधी फोटो हटवा

खटला चालत राहील. फोटो मात्र तासागणिक पसरतो. त्यामुळे पहिली तक्रार त्या समाजमाध्यम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे करावी. फेरफार केलेले अश्लील फोटो किंवा तोतया खाते असेल, तर २०२१ च्या नियमांनुसार कंपनीला कारवाईसाठी आधी २४ तासांची मुदत होती; २०२६ च्या दुरुस्तीनंतर दोन तासांपेक्षा जास्त वेळ घेता येत नाही. निर्णय पटला नाही तर ३० दिवसांत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येते.

पोलिसांकडे जाताना

गुन्हा कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो. ‘आमच्या हद्दीत नाही’ हे कारण चालत नाही. ऑनलाइन फिर्याद दिल्यास तीन दिवसांत सही करावी लागते. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर अशा प्रकरणात नाव न देताही तक्रार करता येते.

वेळ लागतो, हेही खरे. मुंबईत २००९ मध्ये एका महिलेला अनोळखी आयडीवरून अश्लील ई-मेल आले. पाठवणारा सहकारीच निघाला. तो दोषी ठरला जुलै २०१५ मध्ये. सायबर पाठलागाच्या प्रकरणातील राज्यातली ही पहिली शिक्षा मानली जाते.

पुरावा जपताना अनेकजण फक्त स्क्रीनशॉट काढतात. खात्याचे नाव क्षणात बदलता येते, म्हणून खात्याची आणि पोस्टची पूर्ण लिंक, तारीख व वेळ लिहून ठेवावी. आलेले मेसेज रागाच्या भरात डिलीट करू नयेत आणि ज्या मोबाईलवर ते आले, तो फॉरमॅट करू नये.