विद्यार्थ्यांनी बांधलेल्या पायऱ्या

नवी विद्या शिकवावी ती तीत मुरलेल्या पंडिताने, असा सर्वसाधारण समज आहे, आणि तो पुष्कळ अंशी खराही आहे. परंतु विद्येचा अगदी पहिला धडा देण्याच्या कामी पंडित वारंवार उणा पडतो. नवखा ज्या पायरीवर अडखळतो, ती पंडिताने इतक्या वर्षांपूर्वी ओलांडलेली असते की, ती तेथे आहे याचेच त्यास विस्मरण झालेले असते. कालपरवा तेथेच ठेचाळलेला विद्यार्थी मात्र ती विसरत नाही. ‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ ही म्हण खरी ठरावयाची, तर पुढच्याने आपली ठेच मागच्यास सांगितली पाहिजे. जुन्या पंतोजींच्या शाळेत पुढे गेलेला मुलगा मागच्या मुलाकडून धूळपाटीवर अक्षरे गिरवून घेई, त्यात हेच शहाणपण होते. इंटरनेटच्या बाल्यकालात याच शहाणपणाचा प्रत्यय फार मोठ्या प्रमाणावर आला. नवख्या माणसास या जाळ्यात प्रवेश करून देणारी कित्येक साधने त्या काळी विद्यार्थ्यांच्या हातून तयार झाली.

१९९० च्या सुमारास हे जाळे होते कसे, हे प्रथम पाहिले पाहिजे. ते मुख्यत्वे विद्यापीठे, प्रयोगशाळा आणि काही सरकारी संस्था यांच्यापुरते होते. सामान्य उपयोगात चित्रे नव्हती, बटणे नव्हती. काळ्या पडद्यावर अक्षरांची एक ओळ उमटे आणि तिच्यापुढे एक ठिपका लुकलुकत राही. पुढे काय लिहावयाचे, हे पडदा सांगत नसे. दूरच्या संगणकात शिरावयाचे तर ‘टेलनेट’, तेथील फाइल आणावयाची तर ‘एफ.टी.पी.’, प्रत्येकाच्या आज्ञा निराळ्या आणि त्या पाठ असल्याखेरीज गती नाही. शिवाय हवी ती वस्तू कोणत्या संगणकावर आहे, त्याचा पत्ताही आधीच ठाऊक असावा लागे. ग्रंथालय विशाल, पण सूची नाही, अशी ही अवस्था होती. ती सूची करण्याचा पहिला मोठा प्रयत्न माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात झाला. बार्बाडोस बेटातून तेथे आलेला ॲलन एम्टेज हा पदव्युत्तर विद्यार्थी होता. त्याने १९९० मध्ये ‘आर्ची’ नावाची आज्ञावली रचली. सर्वांस खुल्या असलेल्या भांडारांतील फाइलींची नावे ती ठराविक काळाने गोळा करी व विचारणाऱ्यास त्यांचा ठावठिकाणा सांगे. इंटरनेटवरील पहिले शोधयंत्र म्हणून तिचा उल्लेख होतो. तरीसुद्धा फाइलीचे नाव निदान अंदाजाने ठाऊक असलेल्यासच तिचा उपयोग होई. ज्यास काय विचारावे हेच कळत नाही, त्याची वाट अद्याप मोकळी झाली नव्हती.

ही वाट जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या प्रयोगशाळेत मोकळी होऊ लागली. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० च्या अखेरीस तेथे ‘वर्ल्ड वाइड वेब’ सिद्ध केले. एका लेखातील शब्दावरून थेट दुसऱ्या लेखात, मग तो दूरच्या संगणकावर का असेना, जाता यावे ही त्यांची कल्पना. पण त्यांनी स्वतः रचलेला ब्राउझर ‘नेक्स्ट’ या महागड्या संगणकावरच चाले, आणि असा संगणक फारच थोड्यांच्या टेबलावर होता. अशा वेळी लेस्टर पॉलिटेक्निकमध्ये गणित शिकणारी निकोला पेलो ही विद्यार्थिनी प्रशिक्षणासाठी सर्नमध्ये आली होती. कसल्याही साध्या टर्मिनलवर चालेल असा ब्राउझर तिने तयार केला. तो ‘लाइन मोड ब्राउझर’ या नावाने ओळखला जातो.

त्याची रचना पाहण्यासारखी आहे. त्यात माऊसची गरज नव्हती, रंग नव्हते, चित्रे नव्हती. लेख ओळीमागून ओळ असा पडद्यावर उमटे. ज्या शब्दावरून दुसरीकडे जाता येत असेल, त्याच्यापुढे चौकोनी कंसात एक आकडा छापलेला असे. तो आकडा लिहून कळ दाबली की दुसरा लेख समोर येई. मागे यावयाचे असल्यास ‘बॅक’, आरंभी परतावयाचे असल्यास ‘होम’, अडल्यास ‘हेल्प’. बहुतेक काम अशा मोजक्या शब्दांत होई. बर्नर्स-लींच्या ब्राउझरात लेख वाचता येत तसे लिहिताही येत. पेलोच्या ब्राउझरात लिहिण्याची सोय नव्हती. ही उणीव खरी, पण तिच्या मोबदल्यात मिळाले ते अधिक मोलाचे होते. टेलनेट ज्यास ठाऊक आहे, अशा जगातील कोणाही माणसास सर्नच्या संगणकाशी संधान बांधून, आपल्या यंत्रावर काही न बसविता, ही नवी वस्तू चालवून पाहता येऊ लागली. १९९१ पासून कित्येकांस वेबचे पहिले दर्शन घडले ते या साध्या खिडकीतून.

हेलसिंकी तंत्रविद्यापीठात चार विद्यार्थ्यांनी पुढच्याच वर्षी आणखी एक पायरी बांधली. ‘अर्वाइज’ हा त्यांचा ब्राउझर एप्रिल १९९२ मध्ये बाहेर आला. त्यात खिडक्या होत्या, दुव्याच्या शब्दाखाली रेघ होती आणि माऊसने टिचकी मारून पुढे जाता येत होते. आज जे अगदी स्वाभाविक वाटते, त्याचा पुष्कळसा भाग तेथे आलेला होता. परंतु विद्यार्थ्यांचे शिक्षण संपले, पुढील कामास पैसा मिळेना आणि अर्वाइज तेथेच थांबला. १९९३ मध्ये इलिनॉय विद्यापीठातील मार्क अँड्रीसन हा विद्यार्थी आणि तेथील कर्मचारी एरिक बीना यांनी ‘मोझेक’ आणला. मजकुराबरोबरच चित्रे दाखविणारा हा ब्राउझर सर्वतोमुखी झाला. फिनलंडमधील चौघांस जे साधले नाही ते येथे साधले, याचे एक कारण असे की, येथे एका मोठ्या संगणनकेंद्राचे पाठबळ त्या कामामागे उभे होते.

मोझेकला चित्रे दाखविणारा संगणक व पुरेशी जलद जोडणी लागे. ती जेथे नव्हती, तेथे उपयोगी पडला तो ‘लिंक्स’. अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठात १९९२ मध्ये त्याचा जन्म झाला. आरंभी विद्यापीठातील माहिती विद्यापीठातल्याच लोकांस सुलभपणे वाचता यावी, एवढाच त्याचा हेतू होता, आणि तो रचणाऱ्या तिघांत लू माँटुली हा विद्यार्थी होता. लिंक्समध्ये आकडेही लिहावे लागत नसत. बाणाच्या कळांनी खाली-वर सरकावयाचे, उजव्या बाणाने आत शिरावयाचे आणि डाव्या बाणाने माघारी यावयाचे. एवढे कळले की झाले. महाराष्ट्राचाही या साधनाशी संबंध आला. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी मुंबईसह मोठ्या शहरांत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. विद्यार्थ्यांस परवडेल असे खाते केवळ अक्षरांचे होते. त्यात चित्रांस वाव नव्हता. त्यामुळे येथील अनेक तरुणांस वेबचे पहिले दर्शन घडले ते लिंक्सच्या अक्षरांतून. कॅन्ससच्या आवारासाठी केलेली सोय अशी मुंबईच्या घरात, टेलिफोनच्या तारेवरून येऊन पोहोचली.

येथवरची साधने वाट दाखवीत. वाटेचा अर्थ समजावून देणे हे निराळे काम होते. ते अलाबामा विद्यापीठातील पॅट्रिक क्रिस्पेन या विद्यार्थ्याने १९९४ मध्ये अंगावर घेतले. त्याच्या अभ्यासक्रमाचे नाव ‘रोडमॅप’, म्हणजे रस्त्यांचा नकाशा. त्याची युक्ती साधी व मार्मिक होती. नवख्याजवळ इतर काही नसले तरी बहुधा ई-मेल असे. म्हणून सर्व धडे ई-मेलनेच पाठवावयाचे. जे येते त्याच्या आधारे, जे येत नाही ते शिकवावयाचे. एका वेळी एक धडा, विनोदाची फोडणी आणि अधूनमधून गृहपाठ, असा त्याचा थाट असे. टपालयाद्यांपासून आरंभ करून टेलनेट, एफ.टी.पी., आर्ची, गोफर आणि मग वेब, अशा चढत्या क्रमाने धडे येत. वागणुकीचे नियम आणि जाळ्यावर फिरणाऱ्या खोट्या वार्ता यांविषयीही त्यात स्वतंत्र शिकवण होती. इंटरनेट नुकते लोकांत येत असतानाच, ऐकीव गोष्ट पडताळल्यावाचून पुढे पाठवू नये, हे नवख्यांस सांगावेसे वाटले, ही गोष्ट आजच्या वाचकाने ध्यानात घेण्यासारखी आहे. निरनिराळ्या देशांतील हजारो लोकांनी हा अभ्यासक्रम विनामूल्य घेतला.

पुढे या वृत्तीस स्पर्धेचे रूप आले. १९९६ मध्ये अमेरिकेत ‘थिंकक्वेस्ट’ सुरू झाली. बारा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींनी लहान लहान गट करून एखादा विषय शिकविणारे संकेतस्थळ रचावे, मोठ्यांनी केवळ मार्गदर्शन करावे, असा तिचा नियम. निरनिराळ्या शाळांतील, एवढेच नव्हे तर निरनिराळ्या देशांतील मुले एका गटात येत. त्यांनी तयार केलेल्या हजारो संकेतस्थळांचे एक मुक्त ग्रंथालयच उभे राहिले. मुलांनी मुलांसाठी लिहिलेली ती पाठ्यपुस्तके होती, आणि ती लिहिता लिहिता मुले स्वतः इंटरनेट शिकत होती.

मात्र १ जुलै २०१३ रोजी ते ग्रंथालय बंद करण्यात आले. विद्यार्थ्यांच्या कामाचे दुबळे अंग येथे उघडे पडते. विद्यार्थी हा संस्थेतील पाहुणा असतो. तीन-चार वर्षांत तो उत्तीर्ण होऊन जातो आणि त्याने बांधलेली पायरी झाडावयास मागे कोणी उरत नाही. जे टिकले ते का टिकले, हे पाहिले म्हणजे उपायही दिसू लागतो. सर्नने ३० एप्रिल १९९३ रोजी वेबची मूळ आज्ञावली सर्व जगास मुक्त करून दिली, तेव्हा तीत पेलोच्या लाइन मोड ब्राउझरचाही समावेश होता. आणि पुढे २०१३ मध्ये सर्ननेच तो आधुनिक ब्राउझरात चालेल अशा रूपाने पुन्हा उभा केला. लिंक्सची आज्ञावलीही खुली असल्यामुळे मूळ रचनाकार दूर झाल्यावर इतरांनी ती सांभाळली, आणि आजही तिची देखभाल चालू आहे. काम सर्वांस खुले असावे आणि त्यास कोणी तरी पालक असावा, या दोन गोष्टी जुळल्या तर विद्यार्थ्याचे काम त्याच्या विद्यार्थिदशेहून दीर्घायुषी होते. महाविद्यालयांनी आपल्या मुलामुलींचे प्रकल्प गुण देऊन कपाटात टाकण्यापूर्वी याचा विचार करणे अगत्याचे आहे.

या सर्व पायऱ्या तपासल्या असता त्यांत काही समान गुण आढळतात. नवख्याजवळ जे आहे तेथूनच आरंभ. एका वेळी एकच पाऊल. आणि हरवल्यास माघारी येण्याची खूण स्पष्ट. घरातील वडीलधाऱ्या माणसांस आज दूरध्वनीच्या लहानशा पडद्यावर बँकेचे, रेल्वेच्या तिकिटाचे अथवा दवाखान्याचे काम करावयाचे असते. अशा वेळी घरातील तरुण मंडळी बहुधा यंत्र हातातून घेतात, काम चटकन उरकतात आणि यंत्र परत देतात. काम होते, पण विद्या हस्तांतरित होत नाही, आणि पुढील खेपेस पुन्हा तीच विनवणी करण्याची पाळी वडिलांवर येते. यंत्र त्यांच्याच हाती राहू द्यावे, पुढचे एकच पाऊल सांगावे आणि चुकल्यास मागे कसे यावे हे आधी दाखवावे. यात वेळ अधिक जातो खरा. पण ज्याने ती विद्या कालच आत्मसात केली, त्याच्याइतका हा वेळ चांगल्या रीतीने दुसरा कोणी देऊ शकत नाही.