हलकी सॅक आणि जड ओझे : पाठीवरचा भार नेमका जातो कुठे?

समजा, एप्रिल महिन्यात राजगडाहून तोरण्याला डोंगराच्या सोंडेवरून चालत जायचे आहे आणि वाटेत एक मुक्काम करायचा आहे. झोपण्याची पिशवी, मॅट, तंबूचा आपल्या वाट्याचा भाग, कपडे, भांडी आणि प्रथमोपचाराचे सामान मिळून साडेपाच किलो होते. दोन दिवसांचा शिधा दीड किलो. उन्हाळ्यात त्या सोंडेवर पाण्याचा भरवसा नसतो, म्हणून पाच लिटर पाणी सोबत घ्यायचे, म्हणजे पाच किलो. एकूण बारा किलो.

आता दुकानात दोन सॅक समोर आहेत. पहिली ६०० ग्रॅमची : मऊ कापड, दोन खांदेपट्टे, कमरेला एक बारीक पट्टी. दुसरी १.३ किलोची : पाठीत फ्रेम आणि रुंद कंबरपट्टा. हलके चालायचे ठरवलेला विद्यार्थी पहिली उचलतो. पाण्याऐवजी पिसे वाहायची असती तर हा निर्णय बरोबरही ठरला असता. या टिपणात आपण तो निर्णय आकड्यांनी तपासू. त्यासाठी बारावीपर्यंतचे भौतिकशास्त्र पुरेसे आहे.

खांद्यावरचा दाब

खांदेपट्टा साधारण ६ सेंमी रुंद असतो आणि खांद्याला सुमारे १० सेंमी लांबीवर टेकतो असे धरू. एका खांद्यावर ६० चौ. सेंमी, दोन्ही मिळून १२० चौ. सेंमी, म्हणजे ०.०१२ चौ. मीटर.

पहिल्या सॅकमध्ये सगळा भार खांद्यांवर आहे. वस्तुमान १२.६ किलो, वजन १२.६ × ९.८ = सुमारे १२३ न्यूटन. दाब = १२३ ÷ ०.०१२, म्हणजे सुमारे १०.३ किलोपास्कल. वैद्यकातल्या एककात सांगायचे तर ७७ मिमी पारा.

दुसऱ्या सॅकचे एकूण वस्तुमान १३.३ किलो, म्हणजे ७०० ग्रॅमने जास्त. पण तिचा अर्धा भार कंबरपट्ट्यातून कमरेच्या हाडावर जातो असे समजू. मग खांद्यांवर ६५ न्यूटन उरतात आणि दाब येतो ५.४ किलोपास्कल, सुमारे ४१ मिमी पारा.

त्वचेतल्या केशवाहिन्यांमधला रक्तदाब साधारण ३० मिमी पाऱ्याच्या आसपास असतो. बाहेरचा दाब त्याहून बराच वर गेला आणि तसाच टिकला, की तिथला रक्तपुरवठा अडतो. एकूण सहा टक्के जास्त वजनाची सॅक घेऊन खांद्यावरचा दाब जवळजवळ निम्मा झाला, हे या गणितातले पाहण्यासारखे. दुसऱ्या सॅकचा दाबही तिसाच्या वरच आहे, म्हणून चांगली सॅक असली तरी अधूनमधून खांदेपट्टे सैल करून ओझे थोडे हलवावे लागते. अनुभवी माणसे हे न सांगता करतात.

आपले गणित ढोबळ आहे. प्रत्यक्षात पट्टा खांद्यावरून वळून काखेकडे जातो, त्यामुळे दाब सगळीकडे सारखा नसतो; पुढच्या कडेला तो अधिक असतो. हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंचा जुडगाही तिथूनच गळपट्टीच्या हाडाखालून जातो. तो दीर्घकाळ दाबला गेला तर हाताला मुंग्या येतात, बधिरपणा येतो, क्वचित हात उचलायची ताकदच कमी होते. सैनिकांत आणि गिर्यारोहकांत आढळणाऱ्या या विकाराला वैद्यकात ‘रकसॅक पाल्सी’ असेच नाव आहे. बोटांना मुंग्या येणे ही थकव्याची खूण समजून पुढे चालत राहू नये. ओझे उतरवावे.

कापडाला ओढता येते, ढकलता येत नाही

मग कोणी म्हणेल, की पहिल्या सॅकलाही कमरेला पट्टी आहे, ती घट्ट बांधली की झाले. इथेच बहुतेकांची फसगत होते.

कापड फक्त ताण सहन करते. दाबले की ते चुरगळते. ओझे कमरेवर पोचवायचे तर सॅकच्या वरच्या भागातले वजन खाली कंबरपट्ट्यापर्यंत ‘ढकलणारे’ काहीतरी ताठ लागते. ते नसले तर कमर आणि खांदा यांच्यामधली सॅक खाली बसते, तिची उंची दोन-तीन सेंमीने कमी होते, आणि तेवढ्यात खांदेपट्टे ताणले जाऊन सगळा भार परत खांद्यांवर येतो. कंबरपट्टी मग पोटाला फक्त आवळत राहते. मॅटची गुंडाळी सॅकच्या आत उभी पसरून तिचाच खांब करण्याची युक्ती चांगली आहे, पण आठ-नऊ किलोपलीकडे ती गुंडाळीही वाकते.

हे ताठपण किती ग्रॅमना मिळते? ॲल्युमिनियमची १२ मिमी रुंद, ३ मिमी जाड आणि ६० सेंमी लांब पट्टी घ्या. तिचे आकारमान १.२ × ०.३ × ६० = २१.६ घन सेंमी. ॲल्युमिनियमची घनता २.७ ग्रॅम प्रति घन सेंमी, म्हणून वस्तुमान ५८ ग्रॅम. दोन पट्ट्या मिळून ११७ ग्रॅम. अर्ध्या पेल्याच्या आसपास पाणी!

म्हणजे दोन सॅकमधल्या ७०० ग्रॅमच्या फरकात फ्रेमचा खरा वाटा फारच थोडा असू शकतो. बाकीचे वजन कशात असते? जाड कापडात, तीन-चार चेनमध्ये, वेगळ्या सुटणाऱ्या टोपणात, झोपण्याच्या पिशवीसाठी खाली केलेल्या निराळ्या कप्प्यात, कुठेच न लागणाऱ्या बकलांमध्ये आणि पाठीवरच्या फुगीर फोममध्ये. ओझे पेलणारी हलकी सॅक ओळखायची ती अशी : या सगळ्यात काटकसर केलेली, पण फ्रेम आणि कंबरपट्टा जागेवर ठेवलेली. तिचे वजन एक किलोच्या आसपास येऊ शकते. फ्रेम काढून हलकी केलेली सॅक हा वेगळा प्रकार आहे. ज्याचे एकूण सामानच सात-आठ किलोत बसते त्याच्यासाठी तो उत्तम.

चौकटीची कल्पना जुनी आहे. नॉर्वेच्या ओले बर्गन यांच्या चौकटीच्या पाठपिशवीचे पेटंट १९०९ सालचे. १९५२ पासून कॅलिफोर्नियात डिक केल्टी यांनी ॲल्युमिनियमच्या चौकटीच्या सॅक विकायला सुरुवात केली आणि भार खांद्यावरून कमरेवर नेण्याची पद्धत गिर्यारोहकांत रुळली.

कापडाबद्दल एवढेच, की लेबलावर ‘२१० डी’ किंवा ‘१००० डी’ असे लिहिलेले असते. डी म्हणजे डेनिअर : ९००० मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन. एका मोठ्या सॅकला साधारण सव्वा चौरस मीटर कापड लागते, आणि या दोन कापडांत दर चौरस मीटरला दीड-दोनशे ग्रॅमचा फरक सहज पडतो. २१० डेनिअरचे रिपस्टॉप नायलॉन आपल्या वापराला पुरते. तळाला मात्र जाड कापड हवे, कारण सॅक आपण सह्याद्रीच्या काळ्या कातळावर टेकवतो आणि बसल्या बसल्या सरकवतो.

चुंबळीपासून शिकण्यासारखे

शहापूर-मुरबाडकडच्या पाड्यांवर उन्हाळ्यात बाया डोक्यावर हंडा घेऊन चालतात. हंड्याखाली चुंबळ असते. कापडाचे ते वेटोळे दोन कामे करते : स्पर्शाचे क्षेत्रफळ वाढवून दाब कमी करते, आणि हंड्याचा गुरुत्वमध्य बरोबर कण्याच्या रेषेवर आणून ठेवते. अंतर शून्य, म्हणून आघूर्णही शून्य. १९८६ मध्ये ‘नेचर’मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या स्त्रियांवरचे मोजमाप प्रसिद्ध झाले. शरीराच्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंतचे ओझे डोक्यावरून नेताना त्यांना जादा ऊर्जा जवळजवळ लागत नव्हती. २००५ मध्ये ‘सायन्स’मध्ये नेपाळी हमालांविषयी लेख आला, कपाळावरच्या नाम्लोच्या पट्ट्याने पुरुष सरासरी स्वतःच्या वजनाच्या ९३ टक्के आणि स्त्रिया ६६ टक्के ओझे नेत होत्या. यामागे लहानपणापासूनची सवय आहे आणि झिजलेली मानही असते. आपण त्याचे अनुकरण करायचे नाही, तत्त्व तेवढे घ्यायचे.

पाठीवरचे ओझे कण्याच्या मागे असते, म्हणून ते आपल्याला मागे ओढते आणि आपण पुढे वाकून तोल साधतो. बारा किलोचा गुरुत्वमध्य पाठीपासून २० सेंमीवर असण्याऐवजी १२ सेंमीवर आणला तर आघूर्ण ११८ × ०.०८ = सुमारे ९.४ न्यूटन-मीटरने कमी होते, आणि यासाठी एक पैसाही लागत नाही. पाण्याच्या बाटल्या पाठीला चिकटवून, दोन खवाट्यांच्या मधल्या उंचीवर ठेवायच्या. कपडे त्यांच्या बाहेरच्या बाजूला. हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेसारख्या मोठ्या धोंड्यांच्या वाटेवर मात्र जड सामान हातभर खाली घ्यावे. वर ठेवलेले ओझे उडी मारताना डोक्यावरून पुढे झेपावते. म्हणूनच मागे लांब लोंबणारे मोठे बाह्य खिसे असलेली सॅक, ती कितीही हलकी असो, जड ओझ्याला वाईट.

माप सॅकचे नव्हे, पाठीचे

‘मी उंच आहे, मला ६० लिटरची द्या’ हे वाक्य चुकीचे आहे. लिटर हे सामानाचे माप आहे. पाठीचे माप वेगळे घ्यावे लागते. मान पुढे झुकवली की मागे जो मणका ठळक वर येतो तिथून सुरुवात करा. दोन्ही हात कमरेवर असे ठेवा की बोटे पुढे आणि अंगठे मागे येतील. अंगठे कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेवर टेकतात. दोन अंगठ्यांना जोडणाऱ्या रेषेपर्यंत मणक्यांवरून टेप धरा. बहुतेक प्रौढांचे हे अंतर ४० ते ५३ सेंमीच्या दरम्यान असते. एकाच उंचीच्या दोघांत ते चार-पाच सेंमीने वेगळे असू शकते, कारण कोणाचे पाय लांब असतात आणि कोणाची पाठ.

सॅक लांब पडली तर कंबरपट्टा हाडाखाली घसरतो आणि पाय उचलताना अडतो. आखूड पडली तर तो पोटावर चढतो, आणि पोट हाडासारखे भार घेऊ शकत नाही. मित्राची किंवा भाड्याची सॅक घेणाऱ्यांनी पाठीची लांबी बदलता येणारी सॅक निवडावी. त्या व्यवस्थेचे थोडे वजन वाढते, ते सोसावे.

शालेय दप्तरासाठी २०२० च्या धोरणात शरीराच्या वजनाच्या १० टक्के ही मर्यादा घातली आहे. ट्रेकसाठी प्रौढांना साधारण २० टक्के सांगतात. म्हणजे ७० किलोच्या मुलाला १४ किलो चालतील, ५० किलोच्या मुलीला १० किलोच. पण तहान, तंबू आणि स्टोव्ह शरीराच्या प्रमाणात लहान होत नाहीत. गटात सामान ‘सर्वांना सारखे’ वाटून दिले जाते तेव्हा सगळ्यात हलक्या व्यक्तीवर सगळ्यात मोठा भार पडतो. चांगल्या फ्रेमची गरजही तिलाच अधिक असते, आणि उरलेली, कोणाला न बसणारी सॅक बहुधा तिच्याच वाट्याला येते.

कस्तुरबा गांधी मार्गावरची चाचणी

दुकानात पाच मिनिटे कोणतीही सॅक छान वाटते. दोष दिसायला अर्धा तास लागतो. हिमाचल किंवा उत्तराखंडकडे ट्रेकला निघालेल्या मराठी विद्यार्थ्यांचा दिल्लीत एखादा दिवस रात्रीच्या बसची वाट पाहण्यात जातो. नवे महाराष्ट्र सदन ज्या रस्त्यावर आहे तो कस्तुरबा गांधी मार्ग त्यांच्यातल्या अनेकांना माहीत असतो. कॅनॉट प्लेसकडून इंडिया गेटच्या दिशेला जाणारा, पूर्वी कर्झन रोड म्हटला जाणारा हा रस्ता सुमारे दोन किलोमीटरचा, सपाट आणि झाडांच्या सावलीचा आहे. चालायला पंचवीस-तीस मिनिटे लागतात. चाचणीला नेमके एवढेच हवे. तुमच्या गावातला असाच कोणताही रस्ता चालेल.

सॅकमध्ये लिटरच्या बारा भरलेल्या बाटल्या ठेवा. वजनकाट्याची गरज नाही, लिटरला किलो. उरलेली जागा चादरीने घट्ट भरा. आधी सगळे पट्टे सैल करा, मग कंबरपट्टा हाडाच्या कडेवर बसवून आवळा, त्यानंतर खांदेपट्टे, शेवटी खांद्यावरून सॅकच्या वरच्या टोकाकडे जाणारे छोटे पट्टे. हाच क्रम. दहा मिनिटांनी खांदेपट्ट्याखाली बोट सरकवून पाहा : सहज सरकले तर भार कमरेवर आहे. वीस मिनिटांनी पुन्हा पाहा. आता बोट सरकत नसेल, तर कंबरपट्टा घसरला आहे किंवा फ्रेम बसली आहे. पट्टा पुन्हा वर घेऊन आवळा. परत घसरला तर ती सॅक तुमच्यासाठी नाही. परतताना एखादा जिना दोनदा चढा-उतरा, कारण दिल्लीचा सपाट रस्ता उताराबद्दल काहीच सांगत नाही.

वापरलेली सॅक असेल तर ती आतून उलटी करून हात फिरवा. चिकट लागली, पापुद्रे सुटले किंवा आंबूस वास आला तर कापडाचा पॉलियुरेथेनचा लेप दमटपणाने विघटित झाला आहे. कोकणात आणि मुंबईत पावसाळाभर माळ्यावर ठेवलेल्या सॅकचे हेच होते. पावसापासून सामान वाचवायला आत मोठी जाड प्लास्टिकची पिशवी घालणे स्वस्त पडते; बाहेरचे आवरण घाटमाथ्याच्या वाऱ्यात उडून जाते.

घरी जुनी, बिनफ्रेमची पण चांगल्या कंबरपट्ट्याची सॅक पडून असेल तर नवी घेण्याआधी वर मोजलेल्या दोन ॲल्युमिनियमच्या पट्ट्या हार्डवेअरच्या दुकानातून आणा. टोके कानशीने गोल करून त्यांवर चिकटपट्टीचे चार-पाच वेढे द्या, नाहीतर कापड फाटेल. पट्ट्या स्वतःच्या पाठीच्या बाकाप्रमाणे हळूहळू वाकवा, आणि चांभाराकडून सॅकच्या आत दोन उभे खण शिवून घ्या. खणांचा तळ कंबरपट्ट्याच्या शिवणीवरच यायला हवा. तो दोन बोटे वर राहिला तर पट्ट्या मधेच लोंबतात आणि भार पुन्हा खांद्यावर येतो.