एका कढईंतलें जेवण

स्वयंपाकाचे श्रम चुलीपाशीं होतात अशी पुष्कळ पुरुषांची समजूत असते. वस्तुतः चुलीपाशीं होतो तो त्यांतला सुखाचा भाग. निवडणें, सोलणें, चिरणें हें त्याच्या आधीं असतें आणि मागाहून मोरींत भांड्यांचा ढीग वाट पाहात असतो. दोन माणसांच्या रात्रीच्या जेवणालाही कुकर, पातेलें, कढई, तवा, परात आणि चारपांच वाट्या लागतात. ज्या घरांत मुलें परगांवीं गेलीं आहेत व दोन वृद्धच उरले आहेत, तेथें हा ढीग डोळ्यांपुढें येऊनच 'आज नुसते दहींपोहे खाऊं' असा ठराव पास होतो. आठवड्यांतून एकदां असें झालें तर बिघडत नाहीं. पण तो रोजचाच शिरस्ता झाला म्हणजे शरीर हळूहळू खंगत जातें, आणि साठीनंतर गमावलेली शक्ति परत मिळविणें फार कठीण. म्हणून एकाच भांड्यांत पुरतें जेवण कसें करतां येईल हा प्रश्न दिसतो तेवढा क्षुद्र नाहीं.

पाश्चात्य देशांत, विशेषतः अमेरिकेंत, हा प्रश्न कधींच सोडविला गेला आहे. तेथें कचेरींतून घरीं आलेला मनुष्य बिडाची एक जाड पसरट कढई काढतो, तींत प्रथम बटाट्याच्या फोडी परततो, त्या बाजूस काढून त्याच कढईंत मांसाची चकती भाजतो, शेवटीं लोणी व लसूण घालतो, बटाटे पुन्हां आंत लोटतो आणि अर्ध्या तासांत जेवावयास बसतो. या चकतीला स्टेक म्हणतात. ती बहुधा गोमांसाची असते. आपल्या घरांत तिचा प्रवेश होणें नाहीं, आणि तो व्हावा असें आमचें म्हणणेंही नाहीं. परंतु पदार्थ वर्ज्य म्हणून त्यामागची युक्तिही वर्ज्य, हा न्याय मात्र आम्हांस मान्य नाहीं. युक्तीला सोवळें-ओंवळें नसतें.

ती युक्ति अशी. ज्याला वेळ अधिक लागतो तें आधीं, ज्याला कमी लागतो तें मागाहून, आणि जें क्षणांत करपतें तें अगदीं अखेरीस. हा झाला क्रम. दुसरी गोष्ट, भाजावयाचा पदार्थ कोरडा पाहिजे. स्टेक कढईंत टाकण्यापूर्वीं तेथील लोक तो फडक्यानें किंवा कागदानें टिपून घेतात, आणि त्याचें कारण शाळेंतल्या चौथ्या इयत्तेच्या मुलासही समजण्यासारखें आहे. पाणी १०० अंशांस उकळतें. पदार्थाच्या अंगावर पाणी आहे तोंवर कढई कितीही तापवा, त्या अंगाची उष्णता शंभरापलीकडे फारशी जात नाहीं. सर्व आंच पाण्याची वाफ करण्यांत खर्च होते. पदार्थ शिजतो, पण खरपूस होत नाहीं. खरपूसपणा यावयास सुमारें १४० अंश उष्णता लागते. तेव्हां पदार्थांतील साखर व प्रथिनांचे घटक यांचा संयोग होऊन तो तांबूस रंग, तो वास आणि ती चव उत्पन्न होते. लुई-कामीय मेयार या फ्रेंच रसायनज्ञानें १९१२ सालीं या क्रियेचें वर्णन प्रसिद्ध केलें, म्हणून तिला त्याचेंच नांव आहे. आपल्या भाकरीच्या पापुद्र्यावरचे ठिपके काय, रव्याच्या लाडवासाठीं भाजलेल्या रव्याचा रंग काय, सर्व या एकाच क्रियेचे आविष्कार होत. आपल्या आजीला मेयारसाहेब ठाऊक नव्हता. रवा कधीं उतरावयाचा हें मात्र ती नाकानें ओळखीत असे.

येथें एक गंमत सांगितल्यावांचून राहावत नाहीं. मांस प्रथम कडक आंचेवर भाजलें म्हणजे त्याचीं छिद्रें बंद होऊन रस आंत कोंडला जातो, असें लीबिग नांवाच्या थोर जर्मन रसायनज्ञानें १८४७ च्या सुमारास प्रतिपादन केलें. एवढ्या मोठ्या माणसाचें वाक्य; तें स्वयंपाकाच्या पुस्तकांतून शंभराहून अधिक वर्षें जसेंच्या तसें उतरत आलें. प्रत्यक्ष वजन करून पाहिलें तेव्हां आढळलें कीं रस कोंडला वगैरे कांहीं जात नाहीं. भाजण्याचा लाभ आहे तो चवीचा. हॅरॉल्ड मॅगी या अमेरिकन लेखकानें १९८४ सालच्या आपल्या ग्रंथांत या समजुतीचा समाचार घेतला आहे, तरी ती अद्याप मेली नाहीं. आप्तवाक्याचें प्रामाण्य केवळ आपल्याकडेच आहे असें ज्यांस वाटतें त्यांनीं हें ध्यानांत ठेवावें.

आतां आपल्या कढईंत मांसाच्या जागीं काय घालावयाचें? आम्ही सुरण सुचवितों. भावप्रकाशकारांनीं सर्व कंदशाकांत सुरण श्रेष्ठ म्हटला आहे, व 'अर्शोघ्न' हें त्याचें नांवच त्याची ख्याति सांगतें. त्याचा गर दाट असतो, बोटाच्या जाडीचा काप अखंड निघतो आणि भाजल्यावर वर खरपूस व आंत मऊ राहतो. दोष एकच, खाज. ती सुरणांत असलेल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळें येते. म्हणून हाताला तेल लावून सुरण सोलावा, साल जाड काढावी, आणि काप चिंचेच्या किंवा आमसुलाच्या मीठ घातलेल्या पाण्यांत अर्धा तास बुडवून ठेवून मग स्वच्छ धुवावे. कच्चट राहिलेला सुरण घशाला खवखवल्यावांचून सोडीत नाहीं, एवढें विसरूं नये.

बटाटा हा मूळचा दक्षिण अमेरिकेंतील अँडीज पर्वताचा रहिवासी. सोळाव्या शतकांत स्पॅनिश लोकांनीं तो युरोपांत नेला, आणि आपल्याकडे त्याचें नांव पोर्तुगीजांकडून आलें. संस्कृतांत 'आलु' हा शब्द जुना आहे खरा, पण तो दुसऱ्या कंदांचा. उत्तरेकडील लोकांनीं तो या पाहुण्यास दिला. असा हा समुद्रापलीकडून आलेला कंद आपल्या एकादशीस चालतो आणि वेदकाळापासूनचे जव चालत नाहींत, याचा उलगडा आम्हांस अजून कोणीं करून दिलेला नाहीं. असो. बटाटे शीतपेटींत ठेवूं नयेत. अति थंडींत त्यांतील पिठूळ अंशाची साखर होते, आणि मग ते परततांना आंत शिजण्यापूर्वींच वरून काळे पडतात. हिरवा पडलेला किंवा मोड आलेला भाग खोल कापून टाकावा. त्यांतील सोलानीन हें विष शिजविल्यानें जात नाहीं, आणि बटाटा फारच हिरवा असला तर सबंध फेकून द्यावा.

लसणाविषयीं मात्र थोडें विस्तारानें बोलणें प्राप्त आहे. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत द्विजांस तो निषिद्ध सांगितला आहे, आणि पुष्कळ घरांतून, निदान चातुर्मासांत, हा निषेध पाळला जातो. उलट वैद्यकानें त्याला डोक्यावर घेतलें आहे. सहा रसांपैकीं एक आम्लरस तेवढा त्यांत नाहीं, म्हणून तो 'रसोन', अशी त्याची व्युत्पत्ति भावप्रकाशांत दिली आहे. तेथेंच गरुडानें अमृत नेतांना भूमीवर पडलेल्या थेंबापासून तो उपजल्याची कथाही आहे. मध्य आशियांतील कूचा येथें १८९० सालीं बॉवर नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यास भूर्जपत्रावरील एक अतिप्राचीन संस्कृत पोथी मिळाली. तिच्यांत आरंभींच लसणाचें माहात्म्य गायिलें आहे. निषेधही पाळावयाचा आणि गुणही पदरांत पाडावयाचा, अशी पेंचाची स्थिति त्या ग्रंथकारापुढें होती. त्यानें सुचविलेला तोडगा मोठा चतुर आहे: गाईस तीन दिवस जवळजवळ गवताविना ठेवून नंतर गवतांत मिसळून लसणाची पात खाऊं घालावी, व तिचें दूध, दहीं, तूप ब्राह्मणानें सेवन करावें! ज्यांना लसूण वर्ज्य आहे त्यांनीं तो टाळावा. जे खातात त्यांनीं तो नीट खावा, एवढेंच आमचें सांगणें.

नीट म्हणजे कसा? अखंड पाकळीस वास नसतो. ती चिरली किंवा ठेचली म्हणजे तिच्या पेशींतील दोन द्रव्यें एकत्र येऊन ॲलिसिन नांवाचें तिसरें उत्पन्न होतें. १९४४ सालीं कॅव्हॅलिटो व बेली या अमेरिकन रसायनज्ञांनीं तें वेगळें काढलें. ही क्रिया घडवून आणणारें द्रव्य उष्णतेनें निकामी होतें. म्हणून लसूण चिरून दहा मिनिटें तसाच ठेवावा व मग आंच दाखवावी. आणि तो आरंभीं कधींही घालूं नये. त्यांत साखरेचा अंश पुष्कळ असल्यामुळें तो पाहतां पाहतां करपून कडू होतो.

तीन वर्षांपूर्वीं आमच्या कुटुंबाचा उजवा हात मनगटांत मोडला आणि सहा आठवडे प्लास्टरांत राहिला. स्वयंपाकघर आमच्याकडे आलें. त्या दारांत खुर्ची टाकून बसून पहिल्या दिवशींच कढईंत आमचा झारा जातांना पाहून त्या म्हणाल्या, "अहो, सारखे हलवूं नका ते काप. वर्गांत मुलांना स्वस्थ बसा म्हणत होतां ना? त्यांनाही जरा स्वस्थ बसूं द्या." मेयारच्या क्रियेचें याहून चांगलें विवरण आम्हीं कोठें ऐकलें नाहीं. त्या सहा आठवड्यांत ही कढई आठवड्यास दोनदां तरी चढत असे, व हात बरा झाल्यावरही ती आमच्याकडेच राहिली आहे.

दोन माणसांस पाव किलो सुरण, मध्यम आकाराचे तीन बटाटे, लसणाच्या आठदहा पाकळ्या व मूठभर भाजलेले शेंगदाणे पुरतात. वर सांगितल्याप्रमाणें धुतलेले काप व बटाट्याच्या जाड फोडी कढईंत शक्यतों एका थरानें पसराव्या. वर पेलाभर पाणी, मीठ व चिमूटभर हळद घालून झांकण ठेवावें. मध्यम आंचेवर बारापंधरा मिनिटांत सुरी सहज आंत जाऊं लागते. न गेल्यास थोडें पाणी घालून आणखी थांबावें. मग झांकण काढून पाणी पूर्ण आटूं द्यावें. चुरचुर आवाज बंद झाला म्हणजे कोरडेपणा आला असें समजावें. आतां कडेनें तीन चमचे तेल सोडावें आणि चार मिनिटें कशालाही हात लावूं नये. काप उलटून दुसरी बाजू तशीच होऊं द्यावी. रंग सोनेरी झाला कीं पुरे. काळा होऊं देऊं नये, कारण बटाटा फार भाजला असतां ॲक्रिलमाइड नांवाचें अपायकारक द्रव्य त्यांत वाढतें, हें स्वीडनमधील शास्त्रज्ञांनीं २००२ सालीं दाखवून दिलें आहे. मग सर्व ऐवज कडेला लोटून आंच मंद करावी, मध्यें चमचाभर तूप सोडून त्यांत लसूण व शेंगदाणे घालावे, अर्ध्या मिनिटांत लसूण पिंगट होतो न होतो तोंच सर्व एकत्र करून आंच बंद करावी. वर मिरपूड, कोथिंबीर. लिंबू पानांत पिळावें, कढईंत नव्हे. आंबटानें बिडाची चव पदार्थांत उतरते.

येथें एक इशारा. मांसांत जीं प्रथिनें असतात तीं सुरण-बटाट्यांत नाममात्र आहेत. शेंगदाणे घातले ते त्यासाठींच, पण तेवढ्यानें भागत नाहीं. बरोबर वाटीभर दहीं घ्यावेंच; पनीर आवडत असल्यास त्याच्या वड्या टिपून घेऊन तेल सोडतेवेळीं आंत टाकाव्या. सकाळची एखादी भाकरी उरलेली असली तर सोन्याहून पिवळें. लसूण न खाणाऱ्यांनीं तुपांत हिंग व जिरें घालावें. चव निराळी होते, वाईट होत नाहीं.

कढई मात्र तशीच मोरींत टाकूं नये. ती कोमट आहे तोंच थोड्या गरम पाण्यानें खरवडून धुवावी, लगेच पुसून मिनिटभर आंचेवर वाळवावी, आणि आंतून तेलाचा हात फिरवून ठेवावी. पुन्हां गंज चढत नाहीं, आणि दुसऱ्या दिवशीं काप चिकटत नाहींत.