राणीछाप रुपयाच्या दोन बाजू

८ सप्टेंबर २०२२ रोजी इंग्लंडच्या राणी एलिझाबेथ यांचे निधन झाले. ११ सप्टेंबरला भारत सरकारने एक दिवसाचा दुखवटा पाळला आणि सरकारी इमारतींवरचा तिरंगा अर्ध्यावर उतरला. लंडनमध्ये अंत्यदर्शनासाठी मैलोगणती रांगा लागल्या होत्या. त्याच दिवसांत कोणी कोहिनूर परत मागत होते, तर कोणी राजमुकुटाच्या नावाने झालेल्या जुन्या जुलमांची यादी वाचत होते.

आपल्या घरांतही तेव्हा हे दोन्ही सूर ऐकू आले. "साहेबाच्या राज्यात शिस्त होती" असे म्हणणारे आजोबा आणि "लुटारूंचे राज्य होते ते" असे म्हणणारा कॉलेजातला नातू, एकाच दस्तरख्वानवर बसलेले. कोण खरे? आम्हाला वाटते, दोघांनीही नाण्याची एकेकच बाजू पाहिली आहे. ब्रिटिश राजघराण्याकडे जग कसे पाहते हे समजून घ्यायला फार लांब जायला नको. घारापुरीपासून श्रीवर्धनपर्यंतचा आपला रायगडचा किनारा त्याला पुरेसा आहे.

हुंड्यात मिळालेले बेट

सन १६६१ मध्ये इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याचे पोर्तुगालच्या राजकन्येशी लग्न ठरले आणि हुंड्यात त्याला मुंबई बेट मिळाले. राजाला या बेटाचे फारसे अप्रूप नव्हते. १६६८ मध्ये त्याने ते ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने देऊन टाकले.

त्या काळी आपल्या किनाऱ्यावर इंग्लंडच्या राजाचा धाक नव्हता. दरारा होता तो मोगल आरमाराची जबाबदारी सांभाळणाऱ्या जंजिऱ्याच्या सिद्दींचा. कंपनीने औरंगजेबाशी भांडण उकरून काढले, तेव्हा १६८९ मध्ये सिद्दी याकूत खानाने मुंबईवर स्वारी केली. शिवडी, माझगाव, माहीम त्याच्या ताब्यात गेले आणि इंग्रज किल्ल्यात कोंडले गेले. शेवटी कंपनीच्या वकिलांनी बादशहाची माफी मागितली, दीड लाख रुपये दंड भरला, तेव्हा कुठे १६९० मध्ये सिद्दी परतले.

नवाबांची नजर

पुढच्या दोनशे वर्षांत पारडे फिरले. १८६८ पर्यंत जंजिरा संस्थानात इंग्रजांचा राजकीय एजंटही नव्हता. त्या वर्षी कारभारातल्या गोंधळाचे कारण सांगून फौजदारी आणि पोलीस अधिकार नवाबांकडून काढून एजंटाकडे दिले गेले. ज्यांच्या पूर्वजाने इंग्रजांना माफी मागायला लावली, त्यांना आता अकरा तोफांच्या सलामीचा मान इंग्रजच ठरवून देऊ लागले.

नवाब सिद्दी अहमद खान यांनी १८७९ ते १९२२ असे दीर्घकाळ राज्य केले. ब्रिटिश सरकारने त्यांना 'सर' केले. मुरुडच्या सर एस. ए. हायस्कूलच्या नावात तो किताब आजही आहे. मुरुडला पाणी पुरवणाऱ्या गारंबीच्या धरणाला व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीचे नाव देण्यात आले. पैसा संस्थानाचा, म्हणजे शेवटी रयतेचा. नाव सात समुद्रापलीकडच्या राणीचे. पण पाणी मुरुडकरांच्या घरात आले, हेही खरेच.

याच राजवाड्यातल्या स्त्रियांनी विलायत स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. नवाबांच्या बेगम नाझली यांची धाकटी बहीण अतिया फैजी १९०६ मध्ये शिक्षिकेचे प्रशिक्षण घेण्यासाठी लंडनला गेल्या. तिथली त्यांची रोजनिशी लाहोरच्या 'तहजीब-ए-निस्वाँ' या स्त्रियांच्या उर्दू साप्ताहिकात छापून येत असे. १९०८ मध्ये नवाब आणि नाझली बेगमही युरोपच्या सफरीवर गेले. त्या प्रवासात लंडन होते आणि उस्मानी खलिफांचे इस्तंबूलही. नाझली बेगमनी या सफरीवर उर्दूत पुस्तक लिहिले. परदेशातल्या दरबारांची हकीकत एका मुस्लिम स्त्रीने आपल्या बहिणींसाठी लिहावी, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. "तुमचे नवाब इंग्रजांचे मांडलिक होते" हा टोमणा आपल्या मुलांना कधीकधी ऐकावा लागतो. हे खरे आहे आणि ते लपवू नये. पण हिंदुस्थानात साडेपाचशेहून अधिक संस्थाने होती. त्यांचे राजे हिंदू, मुस्लिम, शीख असे सगळ्या धर्मांचे होते आणि सगळेच त्या मुकुटापुढे झुकलेले होते. १८७५ मध्ये राणीचा थोरला मुलगा, प्रिन्स ऑफ वेल्स, मुंबईत आला तेव्हा कोल्हापूरच्या अल्पवयीन छत्रपतींकडून त्याला घराण्यातली तलवार भेट दिली गेली. ती परत यावी ही मागणी महाराष्ट्रात आजही होते. संस्थानिकांची ही नजर गादी टिकवण्याच्या काळजीतून आलेली होती. धर्माशी तिचा संबंध नव्हता.

घारापुरीची मेजवानी

त्याच दौऱ्यात, नोव्हेंबर १८७५ मध्ये, राजपुत्रासाठी घारापुरीच्या लेण्यांत रात्रीची मेजवानी ठेवली गेली. लेण्यांत रोषणाई झाली, बोटींतून पाहुणे आले, जेवणे झाली आणि सगळे परत गेले.

हे बेट आज आपल्या रायगड जिल्ह्यात, उरण तालुक्यात आहे. तिथल्या गावांना समुद्राखालून केबल टाकून कायमची वीज मिळाली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. राजपुत्राच्या एका रात्रीच्या दिव्यांनंतर तब्बल १४२ वर्षांनी! यातली बहात्तर वर्षे इंग्रजांच्या खात्यात जातात आणि उरलेली सत्तर आपल्या स्वतःच्या सरकारांच्या. दोष मांडताना हिशोब पूर्ण मांडावा, म्हणून हे सांगितले.

रयतेची नजर

सामान्य माणसाला राजा दिसायचा तो नाण्यावर. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी, 'कैसर-ए-हिंद' झाल्याचे जाहीर झाले. तिच्या चेहऱ्याचा राणीछाप रुपया घरोघरी पोहोचला. चांदी खरी, वजन खरे, म्हणून त्यावर लोकांचा विश्वास बसला. आपल्याकडे जुन्या पेट्यांत असे रुपये अजून सापडतात.

पण हाच सामान्य माणूस प्रसंगी राजालाही अडवत असे. १९११ मध्ये पाचव्या जॉर्जचा नवा रुपया निघाला. राजाच्या झग्यावरच्या साखळीत हत्ती कोरला होता, पण त्याची सोंड इतकी आखूड दिसत होती की लोकांना ते डुक्कर वाटले. बाजारात कुजबुज सुरू झाली आणि मुसलमान ते नाणे घ्यायला नकार देऊ लागले. अखेर सरकारने ती नाणी मागे घेतली, बहुतेक वितळवून टाकली आणि १९१२ मध्ये हत्ती नीट ओळखू येईल असा नवा साचा केला. बादशहाचा झगा रयतेने दुरुस्त करवून घेतला!

पाचवा जॉर्ज आणि राणी मेरी २ डिसेंबर १९११ रोजी मुंबईत अपोलो बंदरावर उतरले. त्याची आठवण म्हणून उभारलेली कमान म्हणजे गेटवे ऑफ इंडिया. मांडव्याहून लाँचने मुंबईला जाणारा प्रत्येक अलिबागकर आज याच धक्क्यावर उतरतो. ही कमान राजाच्या स्वागतासाठी आहे, हे त्याच्या मनातही येत नाही.

पुढच्या दहा वर्षांत वारे बदलले. पहिल्या महायुद्धात इंग्रज उस्मानी खलिफांविरुद्ध लढले आणि नंतर त्यांचे राज्य वाटून घ्यायला बसले, तेव्हा हिंदी मुसलमानांच्या मनातून राजमुकुटाविषयीचा आदर उतरला. इंग्रजांच्या फौजेत नोकरी करणे मुसलमानाला हराम आहे, असे सांगितल्याबद्दल मौलाना मुहम्मद अली व शौकत अली यांना १९२१ मध्ये कराचीच्या खटल्यात दोन वर्षांची कैद झाली. १७ नोव्हेंबर १९२१ रोजी नवा प्रिन्स ऑफ वेल्स मुंबईत उतरला, तेव्हा शहराच्या मोठ्या भागाने बहिष्कार पाळला. पण त्याच दिवशी स्वागताला गेलेल्या पारशी व इतर लोकांवर हल्ले झाले. दंगलीत पन्नासहून अधिक माणसे मेली आणि गांधीजींनी उपोषण केले. राजपुत्राचा राग शेजाऱ्यावर काढला गेला, ही त्या दिवसाची शरमेची बाजू आहे.

आपल्या जिल्ह्यात २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरला जंगल सत्याग्रहींवर गोळीबार झाला. जंगलावर सरकारचा म्हणजे राजमुकुटाचा हक्क, आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथून लाकूडफाटा आणणारा गावकरी गुन्हेगार! त्या गावकऱ्याला राजा दिसला तो बंदुकीच्या नळीतून.

आणि 'सायमन गो बॅक', 'क्विट इंडिया' या घोषणा ज्यांच्या नावावर आहेत ते यूसुफ मेहेरअली मुंबईचे मुसलमान होते. १९४२ मध्ये ते तुरुंगात असतानाच मुंबईच्या महापौरपदी निवडून आले. पनवेल तालुक्यातल्या तारा गावी त्यांच्या नावाची संस्था आज काम करते. मुलांना जंजिऱ्याच्या सहलीला नेताना वाटेत मुंबई-गोवा महामार्गावर हे गाव लागते. तिथेही गाडी थांबवावी, अशी आमची विनंती आहे.

सगळे चित्र असे काळे-पांढरेही नव्हते. महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. सहाव्या जॉर्जचे चित्र असलेल्या नोटांवर रायगडच्या या सुपुत्राची सही आहे. इंग्रजांनी त्यांना 'सर' केले आणि स्वतंत्र भारताने अर्थमंत्री.

२८ फेब्रुवारी १९४८ रोजी शेवटची ब्रिटिश पलटण गेटवेच्या कमानीखालून निघून गेली. त्याच्या महिनाभर आधी जंजिरा संस्थानातली रयत नानासाहेब पुरोहित, मोहन धारिया यांच्या नेतृत्वाखाली उठली होती, आणि मार्चमध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. मुकुटाची सावली सरली आणि तिच्या आधाराने उभी असलेली गादीही राहिली नाही.

जगाची नजर

आता किनाऱ्यावरून जगाकडे पाहू. आज चार्ल्स राजे ब्रिटन सोडून आणखी १४ देशांचे राजे आहेत. त्यांत कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड येतात. ऑस्ट्रेलियात १९९९ मध्ये प्रजासत्ताक व्हावे का, असे सार्वमत घेतले तेव्हा सुमारे ५५ टक्के लोकांनी 'नाही' म्हटले. या देशांत अनेक लोकांचे वाडवडील इंग्लंडकडूनच आलेले. त्यांना राणी घरच्या आजीसारखी वाटायची. उलट बार्बाडोस बेटावर गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांचे वंशज राहतात. त्यांनी ३० नोव्हेंबर २०२१ रोजी राणीला रामराम केला आणि आपला राष्ट्राध्यक्ष नेमला.

पाकिस्तान १९५६ पर्यंत राणी एलिझाबेथचेच राज्य मानले जाई, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. भारत मात्र १९५० मध्येच प्रजासत्ताक झाला. केनियात १९५० च्या दशकात स्वातंत्र्य मागणाऱ्यांना छावण्यांत कोंडून छळले गेले. २०१३ मध्ये ब्रिटिश सरकारने पाच हजारांहून अधिक पीडितांना भरपाई दिली. २०२३ मध्ये चार्ल्स राजे तिथे गेले, त्यांनी दुःख आणि खेद व्यक्त केला, पण माफी मागितली नाही. लोकांना तेच खटकले. केपटाऊनला शंभराहून अधिक वर्षांपूर्वी स्थायिक झालेली आपली कोकणी मुस्लिम घराणीही राजाची प्रजा म्हणूनच तिथे गेली होती. पण रंगभेदाने गांजले जाताना त्या राजाचा त्यांना उपयोग झाला नाही.

आणि आखात? म्हसळा, श्रीवर्धन, मुरुडच्या कितीतरी घरांतली कर्ती माणसे कुवेत, दुबई, सौदीत आहेत. राजा म्हणजे काय हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागत नाही. फरक इतकाच की तिथला राजा स्वतः हुकूमत करतो, तर इंग्लंडचा राजा फक्त सही करतो. संसदेने मंजूर केलेला कायदा तिथल्या राजमुकुटाने शेवटचा नाकारला तो १७०८ मध्ये. तरीही राजवाड्याच्या खर्चासाठी २०२४-२५ मध्ये सरकारी तिजोरीतून ८ कोटी ६३ लाख पौंड दिले गेले. त्यावर ब्रिटनमध्ये दरवर्षी वाद होतो, आणि तिथली तरुण पिढी राजघराण्याविषयी थोरांइतकी भाविक राहिलेली नाही.

मुलांना काय सांगावे?

एवढे पाहिल्यावर आमच्या लक्षात येते ते असे : ज्याला मुकुटाकडून गादी मिळाली त्याला तो छत्र वाटला, ज्याला गोळी मिळाली त्याला जुलूम वाटला, आणि ज्याला दोन्ही मिळाले नाही त्याला टीव्हीवरचा तमाशा वाटतो. आजोबा आणि नातू यांच्यात कोणी खोटे बोलत नाही.

पण घरात मुलांना काही माप तर दिले पाहिजे. ते आपल्याकडे आहे. हजरत उमर (रजि.) यांना भर सभेत एका सामान्य माणसाने अंगावरच्या कपड्याचा हिशोब विचारला आणि खलिफांनी तो दिला, ही गोष्ट आपण मुलांना लहानपणापासून सांगतो. तेच माप सगळ्यांना लावावे. राजाला हिशोब विचारता येतो का? विचारणाऱ्याला उत्तर मिळते की तुरुंग? इंग्लंडच्या राजाला हे माप लावताना जंजिऱ्याच्या नवाबांना सूट देऊ नये, आणि आपण मत देऊन निवडलेल्या आमदार-खासदारांनाही देऊ नये. घारापुरीच्या लोकांना सत्तर वर्षे अंधारात बसवणारे कोणी राजे नव्हते.

घरात राणीछाप रुपया असेल तर तो चांदीच्या भावाने विकून टाकू नका. एखाद्या शुक्रवारी जेवणानंतर मुलांच्या हातात द्या. आजोबांना त्यांची आठवण सांगू द्या, नातवाला त्याचे म्हणणे मांडू द्या, आणि चिरनेर, घारापुरी, तारा या गावांची नावे मुलांच्या कानावर घाला.