वादळाचा इशारा आणि नागरिक

मुंबई बंदरावर धोक्याचा बावटा चढल्याची बातमी आली म्हणजे शहरातील माणसे प्रथम काय करतात, असा प्रश्न केला तर 'सुरक्षित जागी जातात' असे उत्तर सहज सुचते. प्रत्यक्षात तसे घडत नाही. इशारा कानी पडल्यावर बहुतेक लोक तो खरा आहे की काय ह्याचीच चौकशी करू लागतात. कोणी आकाशाकडे पाहतो, कोणी नातलगास टेलिफोन करतो, कोणी शेजाऱ्याकडे डोकावतो. आणि शेजारचे बिऱ्हाड स्वस्थ बसलेले दिसले म्हणजे आपणही स्वस्थ बसतो. ह्यात मूर्खपणाच असतो असे नव्हे. घर सोडणे हे खर्चाचे व गैरसोयीचे काम आहे. ते एका वाक्याच्या भरवशावर कोणी करीत नाही. परंतु सूचना आणि कृती ह्यांमध्ये हा जो विचारविनिमयाचा काळ जातो, त्यावरच पुष्कळदा प्राण वाचणे अथवा जाणे अवलंबून असते.

पुणेकरांस हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. १८६४ साली चक्रीवादळाने कलकत्त्यास हाहाकार उडविल्यानंतर त्या बंदरासाठी इशाऱ्यांची व्यवस्था झाली, आणि १८७५ साली हिंदुस्थानचे हवामानखाते स्थापन झाले. ह्या खात्याची मुख्य कचेरी १९२८ साली शिमल्याहून पुण्यास आली. १९४४ मध्ये ती दिल्लीस गेली, तरी खात्याचे मोठे काम पुण्यात चालूच राहिले, आणि शिवाजीनगरातील त्या इमारतीस लोक अजूनही 'सिमला ऑफिस' असेच म्हणतात.

आजचे इशारे अचानक येत नाहीत. अरबी समुद्रात वादळ कोठे जन्मले व किती वाढले, हे उपग्रहांच्या व रडारच्या साह्याने प्रहरोप्रहर कळते. पूर्वसूचना सुमारे ७२ तास, सावधगिरीची सूचना ४८ तास व प्रत्यक्ष इशारा २४ तास आधी निघतो. धोक्याच्या मानाने त्यास पिवळा, नारिंगी वा लाल रंग देतात. परंतु वादळाची वाट काही आगगाडीच्या रुळासारखी ठरलेली नसते. अलीकडच्या वर्षांत २४ तास आधी वर्तविलेली जागा आणि वादळाची खरी जागा ह्यांत सरासरीने ७० ते ८० किलोमीटरांचे अंतर पडत आले आहे. शास्त्राच्या दृष्टीने ही मोठीच प्रगती होय. पण तेवढ्या अंतरात मुंबईही येते आणि अलिबागही येते.

ह्याचा अर्थ ३ जून २०२० रोजी दिसून आला. त्या दिवशी 'निसर्ग' नावाचे चक्रीवादळ महाराष्ट्राच्या किनाऱ्याकडे निघाले होते. करोनाची साथ ऐन भरात होती. मुंबईत किनाऱ्यालगतच्या वस्त्यांतील लोकांस हलविण्यात आले. वांद्रे-कुर्ला संकुलातील तात्पुरत्या रुग्णालयातील रोगीही दुसरीकडे नेण्यात आले. दुपारी वादळ अलिबागच्या दक्षिणेस रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. सायंकाळी मुंबईकरांनी खिडक्या उघडून पाहिले, तो शहर जागच्या जागी होते. 'उगाच घाबरविले' असा अभिप्राय मग अनेकांच्या तोंडी आला. त्याच वेळी मुरुड, दिवेआगर, श्रीवर्धन, दापोली, मंडणगड ह्या भागांत नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या होत्या, छपरे उडाली होती आणि विजेचे खांब मोडून पडले होते. काही गावे कित्येक आठवडे अंधारात राहिली. पोफळ उत्पन्नास यावयास वर्षेच्या वर्षे लागतात. तेव्हा त्या एका दुपारचे नुकसान एका पावसाळ्यात भरून येणारे नव्हते.

लांडगा आला रे आला, ही गोष्ट अशा प्रसंगी हटकून सांगितली जाते. परंतु ती येथे लागू पडत नाही. गोष्टीतील मुलगा खोटे बोलत होता. येथे लांडगा खरोखरच आला होता, तो शेजारच्या गावात शिरला एवढेच. ज्या अंतराने मुंबई बचावली, ते अंदाजातील नेहमीच्या चुकीएवढेच होते. म्हणजे इशारा चुकला नव्हता, संकट चुकले होते. हा भेद ज्याच्या ध्यानी येत नाही, तो पुढील इशाऱ्याच्या वेळी मागच्या सुटकेलाच पुरावा समजतो, आणि खिडकी उघडी टाकून झोपी जातो.

पुण्यातील समजूत ह्याहून निराळी, पण तितकीच धोक्याची आहे. समुद्र दूर, मध्ये सह्याद्रीची भिंत. तेव्हा वादळ ही कोकणची गोष्ट, असे येथे मानले जाते. घाटाने वाऱ्याचा जोर मोडतो हे खरे, पण तो सर्वस्वी नाहीसा होत नाही. निसर्ग वादळ क्षीण होत होत ह्याच वाटेने ईशान्येस गेले. पुणे शहरात झाडे उन्मळून पडली, आणि मावळ, खेड, जुन्नर ह्या तालुक्यांत शेती व घरांची हानी झाली.

इशारा हाती असून न वागल्याचे फळ काय, हे पुढच्याच वर्षी दिसले. १७ मे २०२१ रोजी 'तौक्ते' हे अतितीव्र वादळ मुंबईच्या पश्चिमेकडून गुजराथेकडे गेले. त्याच्या सूचना काही दिवस आधीपासून निघत होत्या. तरीही तेलक्षेत्रात कामावर असलेला पी-३०५ हा तराफा २६१ माणसांसह समुद्रातच राहिला, नांगर तुटून वाहत गेला आणि बुडाला. सत्तराहून अधिक माणसे दगावली. नौदलाने भर तुफानात शेकडा अधिक जीव वाचविले. पण तराफा वेळीच बंदरात आला असता, तर त्या पराक्रमाची गरजच पडली नसती.

मग लोक इशारा मानतात तरी केव्हा? ह्याचे उत्तर पुण्याच्या मुठा नदीकाठीच सापडते. खडकवासल्यातून पाणी सोडणार, इतके क्यूसेक, अशी वार्ता आली की नदीपात्रात लावलेल्या मोटारी भराभर हलू लागतात. क्यूसेक म्हणजे काय हे सर्वांस ठाऊक असते असे नाही. पण भिडे पूल पाण्याखाली जाणार, हे सर्वांस कळते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून पेठांत पाणी शिरले, ती आठवणही घरोघर सांगितली जाते. आकड्याच्या मागे ओळखीची खूण असली म्हणजे तो आकडा बोलू लागतो. 'ताशी शंभर किलोमीटर वारा' ह्या शब्दांमागे मात्र शहरवासीयांपाशी अशी खूण नसते. त्यामागे पत्र्याचे छप्पर, गच्चीवरील पाण्याची टाकी, रस्त्यावरचा जाहिरातीचा फलक आणि दारचा जुना गुलमोहर दिसू लागला, तर मनुष्य आपोआप उठेल.

म्हणून इशारा ऐकताना 'वादळ येणार की नाही' असे विचारण्याऐवजी 'आलेच तर आपल्या घरचे काय सैल आहे' असे विचारावे. गच्चीवरील सामान खाली आणणे, मोटार झाडाखालून काढणे, पिण्याचे पाणी भरून ठेवणे व कंदील हाताशी ठेवणे, ह्याला तासाभराचा वेळ लागतो. वादळ दुसरीकडे गेले तर तो तास वाया गेला असे समजू नये. ज्या गावी ते गेले, तेथील माणसे तेवढ्याच तासाच्या बळावर वाचलेली असतात.